फ्रीजवरचं पत्रक आणि ‘७४’चा घोळ

वाचकाचं पत्र, थोडक्यात: ‘माझ्या सासूबाई ६६ वर्षांच्या आहेत, मधुमेह नऊ वर्षांपासून. आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. त्याही बरीच वर्षं इथेच आहेत, पण दर हिवाळ्यात दोन-तीन महिने पुण्याला जातात. मेटफॉर्मिन आणि ग्लिक्लाझाइड या मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. गेल्या वर्षी एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) ६२ होतं, या खेपेला ७४ आलं. नर्सने आहाराचं पत्रक दिलं. त्यांचं इंग्रजी जेमतेम, म्हणून दोन रात्री बसून मी त्याचं मराठी केलं आणि मोठ्या अक्षरात छापून फ्रीजवर लावलं. फरक शून्य. डॉक्टरांसमोर “येस, येस” म्हणतात, घरी आलं की ये रे माझ्या मागल्या. पोळी-भात सोडून भाकरी धरलीये, तेवढंच. उपास सोडत नाहीत, कारल्याचा रस घेतात, पुण्याहून आणलेल्या गोळ्या वेगळ्याच. ७४ चं विचारलं तर म्हणाल्या, “चौऱ्याहत्तर? चांगली आहे की!” नवरा म्हणतो, तूच समजाव. दवाखान्यात दुभाषा म्हणून माझा तेरा वर्षांचा मुलगा जातो. आता आमच्या मराठी मंडळाने मधुमेहावर तासभर बोलायला सांगितलंय. घरातल्या एका हट्टी माणसाला पटवता येत नाही, तर बाहेर काय बोलू?’

नमस्कार,

आधी ते ७४ निस्तरू.

पुण्याच्या लॅबमध्ये रक्तातली साखर मिलिग्रॅममध्ये सांगतात. तिथे उपाशीपोटी ७४ आली तर लॅबमधला माणूसही ‘छान आहे’ म्हणेल. एचबीएवनसी तिथे टक्क्यांत येतं. इंग्लंडमध्ये तेच मिलिमोल प्रति मोल या मापात छापतात. तुमच्या कागदावरचं ७४ म्हणजे पुण्याचं ८.९ टक्के. दोन-तीन महिन्यांची साखर सरासरी २१० मिलिग्रॅमच्या आसपास होती, असा त्याचा अर्थ. गेल्या वर्षीचं ६२ म्हणजे ७.८ टक्के. ग्लिक्लाझाइडसारखी साखर फार खाली नेऊ शकणारी गोळी चालू असेल तर इथलं नेहमीचं लक्ष्य ५३, म्हणजे ७ टक्के. वय आणि इतर आजार बघून डॉक्टर ते थोडं सैल करतात.

सासूबाईंनी विषय टाळला असं तुम्हाला वाटलं. त्यांच्या कानाला सवय असलेल्या हिशोबात ७४ हा शाबासकीचा आकडा आहे आणि तो कुणी उलगडून दिलेला नाही. त्यांना ‘८.९ आलंय’ असं सांगून बघा, चेहरा लगेच बदलेल. घरी साखर मोजायच्या यंत्राचंही तेच होतं. इथलं यंत्र १० दाखवतं, तिकडचं १८०. इथल्या आकड्याला १८ ने गुणलं की तिकडचा मिळतो: ४ म्हणजे ७२, ७ म्हणजे १२६, ८.५ म्हणजे १५३, १४ म्हणजे २५२. एवढं कागदावर लिहून यंत्राच्या पाकिटात ठेवा. ग्लिक्लाझाइड चालू असल्याने इथलं यंत्र आणि पट्ट्या जीपीकडून, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडून, मिळायला हव्यात, मागून घ्या. दोन देशांची दोन यंत्रं आलटून पालटून वापरणं मात्र बंद.

आता पत्रक. तुम्ही पाठवलेलं भाषांतर वाचलं. मराठी उत्तम आहे, एकही चूक नाही. पण त्यात सालासकट भाजलेला बटाटा आहे, पास्ता आहे, पोरिज आहे, ‘भरड धान्याचा ब्रेड’ आहे आणि ‘आठवड्यातून दोनदा तेलकट मासे’ आहेत. सासूबाई शाकाहारी. ते वाचून त्यांनी जो निष्कर्ष काढला असेल तो अगदी तर्कशुद्ध आहे: यातलं आपण काहीच खात नाही, म्हणजे यातलं काहीच आपल्याला बंद नाही. तुम्ही शब्द मराठीत आणलेत, ताट इंग्रजांचंच राहिलं. पत्रकात चार चहांची साखर नाही, चतुर्थी नाही, ‘पाहुणे आलेत, घास तरी घ्या’ नाही. घरातला स्वयंपाक त्याच करतात, तरी त्यांच्या हातातल्या वाटीबद्दल त्यात एक ओळ नाही. म्हणून हट्टीपणाचा आरोप जरा बाजूला ठेवा. भात-पोळी सोडून भाकरी धरणारी बाई हट्टी नसते. तिला चुकीची माहिती मिळालेली असते आणि ती मन लावून पाळत असते.

कारण भाकरीचा हिशोब असा. स्वयंपाकघरातला साधा वजनकाटा घ्या आणि सासूबाईंनाच म्हणा, ‘आई, रोजच्या एका भाकरीचं पीठ यावर काढा.’ भरपूर घरांत ते ७० ग्रॅमच्या आसपास भरतं. त्यात ४८ ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे पोटात गेल्यावर साखर होणारा भाग, असतात. पातळ फुलक्याला पीठ लागतं २५ ग्रॅम, कर्बोदकं सतरा. दोन भाकऱ्या खाल्ल्या की साडेपाच फुलके पोटात गेले. ज्वारीत तंतू आहेत, ती वाईट नाही, पण ‘भाकरी चालते’ या वाक्यातून ‘कितीही चालते’ हा अर्थ आपल्याकडे कसा कोण जाणे रूढ झालाय. गुळाचंही तेच. गूळ काय, मध काय, रक्तापर्यंत पोचला की साखरच.

बाकीचे आकडेही याच काट्यावर काढा, कच्च्या धान्यावर, कारण शिजल्यावर पाण्याने वजन फुगतं आणि हिशोब हुकतो. कोरडे पोहे ६० ग्रॅम, की ४५ ग्रॅम कर्बोदकं. शिजलेला भात दीडशे ग्रॅम, म्हणजे साधारण एक मोठी वाटी, की चाळीस. (भात मात्र शिजल्यावर वाटीने मोजणं सोपं, तेवढा अपवाद करा.) कोरडा साबुदाणा ६० ग्रॅम, की ५२, शिवाय खिचडीतला बटाटा वेगळा. चहात दोन चमचे साखर आणि दिवसाला चार चहा, म्हणजे ३२ ग्रॅम नुसती साखर. बरोबरची खारी, टोस्ट धरलेले नाहीत. आपल्या जेवणात अडचण अशी की ताटात पोळी, भात, बटाट्याची भाजी आणि पातळ आमटी एकत्र येतात. यातली पहिली तीन एकाच जातीची, आणि आमटीत डाळ किती? माणशी मूठभरही नाही. म्हणून पहिला बदल वजाबाकीचा नको. आमटी घट्ट करा किंवा तिच्या जागी मटकी-मुगाची उसळ आणा, भाजी दुप्पट वाढा, कोशिंबीर आधी खायला द्या. मग पोळी किंवा भात, दोन्हीपैकी एक. ज्या दिवशी बटाट्याची भाजी, त्या दिवशी भात नाही. पोह्यांत निम्मे पोहे, निम्म्यात मटार, गाजर, कोबी, दाणे. ताट भरलेलं दिसतं, हे फार महत्त्वाचं, कारण रिकामं ताट सासूबाईंना शिक्षा वाटेल आणि वाढणाऱ्या सुनेला कंजूषपणाचं बिरुद लागेल.

आकडे पटले नाहीत तर यंत्राला साक्षीला घ्या. एकच पदार्थ निवडा, समजा नाश्त्याचे पोहे. खाण्याआधी साखर मोजा, पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी पुन्हा मोजा. दोन तासांनंतरचा आकडा ८.५ च्या, म्हणजे १५३ च्या आत असावा असं धरतात. पुढच्या आठवड्यात तेच पोहे निम्मे, बाकी भाज्या आणि दाणे, तीच वेळ, तीच गोळी, मग पुन्हा मोजा. दोन आकड्यांमधला फरक त्या स्वतः वाचतील. फ्रीजवरच्या कागदाने जे दोन महिन्यांत झालं नाही ते दोन सकाळींत होतं. रोज सात वेळा टोचायची मात्र गरज नाही. बोटं दुखली की माणूस यंत्रच लपवतो.

उपासाकडे जरा थांबून बघायला हवं, कारण धोका खरा तिथे आहे आणि तो तुम्हाला वाटतो त्या बाजूला नाही. ग्लिक्लाझाइड स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. चतुर्थीला सकाळी गोळी घेतली, वर नुसता चहा, आणि दुपारी दोनपर्यंत काही नाही, असं झालं की अकरा-बाराच्या सुमारास हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते, चिडचिड होते. आपल्याकडे त्याला ‘उपासाचा अशक्तपणा’ म्हणतात. साखर ४ च्या खाली गेलेली असू शकते. मग घाईघाईने मोठी वाटी खिचडी, वर केळं, आणि संध्याकाळी यंत्रावर चौदा-पंधरा. म्हणजे एका दिवसात दोन्ही टोकं गाठली. त्यात इंग्लंडचा उन्हाळा. संकष्टीला चंद्रोदय रात्री अकराच्या आसपास किंवा त्याही पुढे जातो, आणि घरात जर इथल्या चंद्राची वाट बघत असतील तर रात्रीची गोळी आणि जेवण दोन्हींचं गणित कोलमडतं.

इथल्या नर्सना रमजानचे रोजे बहुतेक माहीत असतात, त्यासाठी गोळ्यांच्या वेळा कशा बदलायच्या याच्या सूचना असतात. आपला उपास त्यांना कळत नाही, कारण त्यात न खाणं कमी आणि वेगळं खाणं जास्त. ‘फास्टिंग’ म्हटलं की त्यांना रिकामं पोट दिसतं, साबुदाणा दिसत नाही. तेव्हा भेटीला जाताना एक कागद न्या: महिन्याची एक संकष्टी, दोन एकादश्या, श्रावणी सोमवार, नवरात्राचे नऊ दिवस. प्रत्येकापुढे काय खातात, किती वाजता, हे लिहा. आणि विचारा, ‘या दिवशी ग्लिक्लाझाइड किती आणि केव्हा?’ गोळी आपल्या मनाने कमी करू नका, बंदही करू नका. तो निर्णय त्यांचा.

उपासाचं ताटही बदलता येतं, उपास न मोडता. खिचडीचा साबुदाणा वाटीभरावरून पाव वाटीवर आणा. जेवण म्हणून वरीचे तांदूळ मोजून, सोबत दाण्याची आमटी, ताक, काकडीची दही घातलेली कोशिंबीर. राजगिऱ्याची भाकरी चालते, राजगिऱ्याचा लाडू गुळामुळे नाही. तळलेल्या चिवड्याला सुट्टी. ‘औषधाने उपास मोडत नाही’ हे आपल्या आज्या म्हणत आल्यात. सासूबाई ज्यांचं ऐकतात अशा एखाद्या वडीलधाऱ्या बाईकडून किंवा गुरुजींकडून ते वाक्य आलं तर तुम्ही दहा वेळा सांगण्यापेक्षा भारी पडेल.

आणि थरथर सुरू झालीच तर: यंत्रावर बघा, ४ च्या खाली असेल तर चार सपाट चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच प्यायला द्या, किंवा दीडशे-दोनशे मिली फळांचा रस. पेढा, बर्फी, चॉकलेट नको. त्यातल्या तुपा-लोण्यामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून ४ च्या खालीच असेल तर तेच पुन्हा. वर आली की काहीतरी खायला द्या. शुद्ध हरपली तर तोंडात काही घालू नका, ९९९ ला फोन करा. उपासाच्या दिवशी साखरेची पुडी पर्समध्ये असावी, देवळात जातानासुद्धा.

पुण्याच्या गोळ्यांचं तुम्ही ओझरतं लिहिलंय, मला ते सगळ्यांत जास्त खटकलं. भारतात ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकाच गोळीत मिळणं फार नेहमीचं आहे. ग्लिमेपिराइड हे ग्लिक्लाझाइडच्याच कुळातलं. नाव वेगळं, रंग वेगळा, म्हणून ‘ही तिकडची, ती इकडची’ अशा दोन्ही घेतल्या जातात आणि एकाच कुळातल्या औषधाचा डोस दुप्पट होतो. कारल्याचा रस, मेथी, जांभळाच्या बियांची पूड यांनीही साखर थोडी उतरू शकते. त्यात वाईट काही नाही, पण गोळीच्या वर ते आलं की साखर किती उतरेल याचा अंदाज डॉक्टरांना राहत नाही. पाकिटावर घटक न छापलेलं चूर्ण, भस्म किंवा ‘शंभर टक्के हर्बल’ गोळी असेल तर ती बंदच करा. अशा काही औषधांत शिसं, पारा आढळलाय, आणि काहींत न सांगता घातलेलं मधुमेहाचं साधं ॲलोपॅथीचं औषध. उपाय सोपा: घरातलं झाडून सगळं, चूर्णासकट, एका पिशवीत घाला आणि जवळच्या फार्मसिस्टसमोर ओता. अपॉइंटमेंट लागत नाही. रागवायचं नाही, हे आधीच सासूबाईंना कबूल करा, नाहीतर अर्धी पिशवी कपाटातच राहील.

आता तुमच्या मुलाबद्दल. तेरा वर्षांच्या नातवासमोर आजी काय काय बोलणार? लघवीला जळजळ होते, खाज सुटते, रात्री चारदा उठावं लागतं, यातलं काहीही नाही. बहुधा हेही नाही की मेटफॉर्मिनने जुलाब होतात म्हणून देवळात जायच्या दिवशी सकाळची गोळी त्या गाळतात. हा माझा अंदाज आहे, पण विचारून बघा. गोळी ‘ऐकत नाही’ म्हणून चुकते त्यापेक्षा पोट बिघडतं म्हणून जास्त वेळा चुकते. त्यावर उपाय आहेत: पोटभर जेवणासोबत घेणं, किंवा हळूहळू विरघळणारी गोळी मागणं. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्याचं, त्यातून शाकाहारी माणसाचं, बी-१२ कमी होऊ शकतं. पायाला मुंग्या, थकवा असेल तर ती तपासणीही मागा.

एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, दुभाषा फुकट मिळतो, आणि घरच्यांना, विशेषतः मुलांना, दुभाषा करू नये अशीच अपेक्षा आहे. अपॉइंटमेंट घेतानाच सांगा: ‘मराठी दुभाषा हवा, आणि दुप्पट वेळ.’ मराठीसाठी बहुतेक वेळा फोनवरचा मिळेल, चालेल. ‘हिंदी चालेल का?’ असं विचारलं तर सासूबाईंना विचारूनच हो म्हणा. सोबत तुम्ही नाही, तुमच्या नवऱ्याने जावं. ‘तूच समजाव’ हे त्याचं वाक्य सगळ्यांत सोयीचं आणि सगळ्यांत निरुपयोगी आहे. सून म्हणाली ‘आई, भात कमी’, तर ते भाताबद्दल राहतच नाही. मुलगा म्हणाला ‘आई, आपण दोघंही कमी करू’, तर ते ऐकलं जातं.

आणि खरंच दोघांनी करावं. दक्षिण आशियाई लोकांना टाइप २ मधुमेह लवकरच्या वयात आणि कमी वजनावरही होतो, म्हणून ब्रिटनमध्ये आपल्यासाठी वजनाच्या रेषाच वेगळ्या आहेत: बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २३ पासून जोखीम वाढलेली, २७.५ पासून जास्त. कंबर बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत, पुरुषांची ९० च्या आत. ‘बारीकच तर आहे’ हे वाक्य पोट सुटलेल्या माणसाबद्दल आपल्याकडे सर्रास बोलतात. नवऱ्याच्या आईला मधुमेह, तर त्याने स्वतःचं एचबीएवनसी करून घ्यावं. टेप घरात असेलच.

डॉक्टर जे सांगतील ते सासूबाईंना कळलं का, हे ‘समजलं का?’ विचारून कळत नाही. त्याचं उत्तर जगभर ‘हो’ असतं, आणि आपल्याकडे मोठ्या माणसाला नाही म्हणणं उद्धटपणा, म्हणून डॉक्टरांसमोरचं ते ‘येस, येस’. नर्सला विनंती करा की त्यांच्याकडूनच वदवून घ्या: ‘मी नीट सांगितलं का ते मला बघायचंय. घरी गेल्यावर मुलीला फोनवर काय सांगाल?’ दोन वाक्यांत गफलत कुठे झाली ते उघडं पडतं, आणि कमीपणा बोलणाऱ्याकडे राहतो, ऐकणाऱ्याकडे येत नाही.

मधुमेहाचे शिक्षणवर्ग इथे मोफत असतात, जीपीकडून नाव द्यावं लागतं, घरचं माणूसही बसू शकतं. तुमच्याच लेस्टरमध्ये डेसमंड हा वर्ग तयार झाला, आणि त्याची दक्षिण आशियाई भाषांतली रूपंही आहेत. मराठी नसेल. गुजराती किंवा हिंदी सासूबाईंना जमतं का बघा. नाव द्यायच्या आधी फोन करून विचारा: शिकवणारी व्यक्ती तीच भाषा बोलते की शेजारी दुभाषा बसतो? जेवणाच्या उदाहरणांत भात-पोळी-डाळ आहे का? वेळ कोणती? दुपारी तीनला नातवाला शाळेतून आणायचं असेल तर सासूबाई वर्गाला जाणार नाहीत, आणि तुमच्या कागदावर ‘उदासीन’ अशी नोंद होईल.

मंडळातल्या तासाला हो म्हणा. घरातलं न जमणं ही त्यासाठी अपात्रता नाही. स्लाइड नकोत. टेबलावर वजनकाटा, ज्वारीचं पीठ, साबुदाणा, पोहे आणि घरोघरच्या वाट्या ठेवा. पाच जणींना उठवून ‘तुमच्या घरची एक भाकरी’ काढायला लावा, वजन फळ्यावर लिहा. पाच आकडे पाच वेगळे येतील आणि पुढची चाळीस मिनिटं तुम्हाला बोलावं लागणार नाही. तेलाचंही असंच विचारा: पाच लिटरचा डबा किती दिवस पुरतो? चौघांच्या घरात महिन्याला संपत असेल तर माणशी दिवसाला चाळीस मिलीच्या वर तेल जातंय. तो दोन महिने पुरवायचा. शेवटची दहा मिनिटं पायांसाठी ठेवा. आपण घरात अनवाणी, देवळात अनवाणी, आणि थंडीत हीटरला पाय लावून बसायची सवय. मधुमेहात पायाची जाणीव कमी झाली असेल तर चटका बसलेला कळतही नाही. रोज रात्री तळवे बघायचे. वाकता येत नसेल तर आरसा, नाहीतर नातू. इथे त्याला कामाला लावायला हरकत नाही.

आणि फ्रीजवरचा कागद काढा. त्या जागी सासूबाईंच्या हातचा कागद लावा, त्यांच्याच अक्षरात: ‘एक भाकरी ७० ग्रॅम. उपासाला साबुदाणा पाव वाटी. ८.९.’ पुढची एचबीएवनसी तपासणी साधारण तीन महिन्यांनी सांगतील. तो आकडा त्या ८.९ च्या खाली त्यांनाच लिहू द्या, टक्क्यांत.